जुन्या कर्जाची चुकीची नोंद आणि सिबिल रिपोर्ट : तक्रार कशी करावी, कुठे करावी?

घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा छोट्या धंद्यासाठी कर्ज मागायला बँकेत गेलेल्या माणसाला बऱ्याचदा एकच वाक्य ऐकवले जाते, "तुमचा सिबिल खराब आहे." कोणत्या कर्जामुळे खराब आहे, कोणत्या वर्षीच्या, आणि ती नोंद खरी आहे का, हे बँक सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आपली पतच नाही असे समजून माणूस खाली मान घालून परत येतो आणि खासगी सावकाराच्या किंवा मोबाइल अ‍ॅपच्या दारात जातो.

या यादीत कितीतरी नोंदी जुन्या, अर्धवट किंवा सरळ चुकीच्या असू शकतात. कर्ज फेडलेले असते, पण खाते बंद दाखवलेले नसते. महामंडळाच्या योजनेतील अनुदान कर्जखात्यात जमा होताना उशीर झाल्याने काही रुपये शिल्लक राहतात आणि त्यावर वर्षानुवर्षे व्याज चढत जाते. जामीनदार म्हणून केलेली एक सही पंधरा वर्षांनी आडवी येते. अशी नोंद तपासून घेण्याचा आणि चुकीची असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिलेला आहे, आणि त्यासाठी एक रुपयाही फी नाही. तो हक्क कसा बजावायचा, हे आम्ही या लेखात क्रमाने सांगत आहोत.

सिबिल म्हणजे नेमके काय?

सिबिल हे सरकारी खाते नाही आणि बँकही नाही. ती पतविषयक माहिती गोळा करणारी एक खासगी कंपनी आहे. भारतात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पत माहिती कंपन्या (नियमन) कायदा, २००५ नुसार त्या चालतात आणि रिझर्व्ह बँकेचे त्यांच्यावर नियंत्रण असते. बँका, फायनान्स कंपन्या आणि मायक्रोफायनान्स कंपन्या आपल्या कर्जदारांची माहिती या चारही कंपन्यांना देतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्याला देणे बंधनकारक झाले.

या माहितीवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण काढले जातात. लोक गुणांकडे बघतात, पण गुण हा फक्त निकाल आहे. दुरुस्ती होते ती गुणांची नव्हे, रिपोर्टमधील नोंदीची. नोंद सुधारली की गुण आपोआप बदलतात.

पहिली पायरी : रिपोर्ट मागवा, तोही चारही कंपन्यांचा

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीने प्रत्येक व्यक्तीला कॅलेंडर वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट फुकट. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन आणि मोबाइल क्रमांक देऊन तो मिळतो. पैसे मागणारी योजना समोर आली तर ती टाळून मोफत वार्षिक रिपोर्टचा पर्याय शोधा.

एकाच कंपनीचा रिपोर्ट पाहून थांबू नका. एका कंपनीकडे बंद दिसणारे कर्ज दुसरीकडे चालू दिसू शकते, आणि तुमची बँक कोणता रिपोर्ट पाहील हे तुमच्या हातात नसते. बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सकडून कर्ज घेतलेल्या महिलांनी तर चारही रिपोर्ट पाहावेत.

दुसरी पायरी : रिपोर्ट वाचा

रिपोर्टमध्ये पुढील गोष्टी एकेक करून तपासा.

१. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता. सारख्या नावामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढू शकते. आपल्याकडे एकाच गावात एकाच आडनावाची पन्नास घरे असतात, नावेही सारखी असतात. म्हणून पॅन आणि जन्मतारीख आधी जुळवा.

२. प्रत्येक खात्यापुढील मालकीचा प्रकार. वैयक्तिक, संयुक्त की जामीनदार, हे तिथे लिहिलेले असते. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे सहकाऱ्यासाठी केलेली सही इथे दिसली तर ती चूक नाही. पण मूळ कर्ज फिटलेले असूनही तुमच्या नावावर थकबाकी दिसत असेल तर ती चूक आहे.

३. उशिराचे दिवस. प्रत्येक महिन्यापुढे एक आकडा किंवा खूण असते. शून्य किंवा 'एसटीडी' म्हणजे हप्ता नियमित. ३० म्हणजे तीस दिवस उशीर. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते थकीत, म्हणजे एनपीए धरते. तीन एक्स दिसले तर त्या महिन्याची माहिती बँकेने दिलेलीच नाही.

४. खात्याची स्थिती. 'क्लोज्ड' म्हणजे फिटून बंद. 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेले. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने आपल्या हिशेबात बुडीत धरलेले. 'सूट फाइल्ड' म्हणजे न्यायालयात दावा लावलेले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. राइट ऑफ म्हणजे कर्जमाफी नव्हे. बँकेने आपल्या ताळेबंदातून रक्कम काढली एवढाच त्याचा अर्थ, कर्जदाराची देणेदारी तशीच राहते. याउलट २०१७ किंवा २०१९ च्या राज्य सरकारच्या कर्जमाफीत सरकारने बँकेला पैसे भरून तुमचे खाते बंद झाले असेल, तर बँकेने बेबाकी दाखला द्यायला हवा आणि रिपोर्टमध्येही ते खाते थकीत दिसायला नको.

५. शेवटची चौकशी. कोणत्या बँकेने किंवा अ‍ॅपने तुमचा रिपोर्ट केव्हा पाहिला, याची यादी शेवटी असते. तुम्ही कधीच अर्ज न केलेल्या कंपनीचे नाव तिथे असेल तर सावध व्हा.

तिसरी पायरी : नोंद चुकीची आहे की फक्त नकोशी आहे, हे ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. खरी असलेली नोंद तक्रार करून निघत नाही, आणि खोटी नोंद तक्रार न करता निघत नाही. म्हणून आधी आपले प्रकरण कोणत्या प्रकारात बसते ते पाहा.

कर्ज पूर्ण फेडले, पण खाते चालू किंवा थकीत दिसते. ही सरळ चूक आहे. बेबाकी दाखला किंवा शेवटच्या भरण्याची पावती जोडून तक्रार करा.

तडजोडीने मिटवले, पण अजून पूर्ण थकबाकी दिसते. शिल्लक रक्कम शून्य करून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. मात्र खात्यापुढे 'सेटल्ड' हा शेरा राहील, कारण तो खरा आहे. तो काढायचा असेल तर सोडलेली रक्कम भरून खाते 'क्लोज्ड' करण्याबाबत बँकेशी बोलावे लागेल, आणि ते लेखी घ्यावे लागेल.

एकच कर्ज दोनदा दिसते. बँका जुनी थकीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. त्यानंतर थकबाकी एकाच ठिकाणी दिसायला हवी. मूळ बँक आणि नवी कंपनी दोघांकडेही ती दिसत असेल तर तक्रार करा.

कर्ज आपले नाहीच. नावातील साधर्म्य किंवा पॅन-आधारचा गैरवापर, यांपैकी काहीतरी झालेले असते. गैरवापराचा संशय असेल तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत जोडा.

वडिलांचे किंवा आईचे कर्ज. मृत व्यक्तीच्या कर्जासाठी वारस जबाबदार असतो तो मिळालेल्या वारसा मालमत्तेपुरता. मुलगा किंवा मुलगी सहकर्जदार वा जामीनदार नसेल तर ते कर्ज त्यांच्या रिपोर्टमध्ये येऊच नये.

कर्ज खरे आहे, थकलेलेही आहे, पण फार जुने आहे. या प्रकाराबद्दल थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे.

'सात वर्षांनी नोंद आपोआप जाते' हे खरे का?

इंटरनेटवर हा सल्ला सर्रास दिसतो. तो अमेरिकेतील कायद्यावरून उचललेला आहे. तिथे बहुतेक थकीत कर्जांच्या नोंदी सात वर्षांनंतर दाखवता येत नाहीत. आपल्याकडील नियमात पत माहिती किमान सात वर्षे जतन करावी असे म्हटले आहे. किमान आणि कमाल यांतला फरक लक्षात घ्या. सात वर्षे झाली एवढ्याच कारणावर तक्रार केली तर ती फेटाळली जाऊ शकते.

दुसरा गोंधळ मुदतीच्या कायद्याचा. मुदत कायदा, १९६३ नुसार साध्या, विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत दाखल करावा लागतो. गहाणखतावरील दाव्याला बारा वर्षांची मुदत आहे. मुदत संपली तर न्यायालयातून वसुली करता येत नाही, पण कर्ज नाहीसे होत नाही आणि रिपोर्टमधील खरी नोंदही त्यामुळे चुकीची ठरत नाही. मुदतीत दावा लावून बँकेने हुकूमनामा मिळवला असेल तर त्याच्या अंमलबजावणीला पुढे बारा वर्षे मिळतात.

तरीही मुदतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण वसुली एजंट इथेच फसवतात. मुदत संपण्याआधी कर्जाची लेखी कबुली दिली तर त्या तारखेपासून मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. मुदत संपण्याआधी काही रक्कम भरली आणि त्याची तुमच्या सहीची किंवा हस्ताक्षरातील नोंद असली तरी तेच होते. मुदत संपल्यानंतरही 'मी हे कर्ज फेडेन' असे सही करून लिहून दिले तर भारतीय करार कायद्याच्या कलम २५ नुसार तो नवा करार ठरतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या कर्जासाठी कोणी दारात येऊन "फक्त पाचशे रुपये भरा आणि इथे सही करा" म्हणाले, तर कागद वाचल्याशिवाय आणि जाणकार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. कर्ज खरे असेल तर ते फेडण्याची तडजोड बँकेच्या शाखेशी, लेखी पत्रानेच करा.

चौथी पायरी : कागद जमवा

कर्ज मंजुरीचे पत्र, हप्त्यांच्या पावत्या, पासबुक, बेबाकी दाखला, तडजोडीचे पत्र यांपैकी जे असेल ते एकत्र करा. काहीच नसेल तर बँकेकडे कर्ज दिल्यापासून आजपर्यंतचा कर्जखात्याचा उतारा लेखी मागा. अनुदान केव्हा जमा झाले, कोणते शुल्क कधी लावले, हे त्यात दिसते. महामंडळाच्या योजनेतील कर्ज असेल तर जिल्हा कार्यालयाकडून अनुदान वितरणाचे पत्र घ्या. सरकारी बँक उतारा देत नसेल तर आपल्याच खात्याची माहिती माहिती अधिकारात मागता येते.

ज्या बँकेकडून कर्ज घेतले ती बँकच आता नाही, असेही होते. मराठवाड्यातील अनेकांची खाती असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. अशा वेळी जुन्या खात्याची जबाबदारी नव्या बँकेची असते. "ते आमच्याकडचे नाही" हे उत्तर मान्य करू नका.

पाचवी पायरी : दोन्हीकडे तक्रार करा

तक्रार पत माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येते किंवा पत्राने पाठवता येते. रिपोर्टवरील कंट्रोल नंबर, खाते क्रमांक आणि नेमकी चूक द्यावी लागते. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही. ती बँकेला विचारते आणि बँकेने मान्य केल्यावरच बदलते. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या शाखेत आणि तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेही पत्र द्या आणि पोच घ्या. ज्या ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे, त्या प्रत्येकीकडे वेगळी तक्रार करा.

पत्र छोटे आणि मुद्द्याचे असावे. नमुना असा :

"विषय : पत अहवालातील चुकीची नोंद दुरुस्त करणेबाबत.

महोदय, आपल्या बँकेतील कर्ज खाते क्रमांक ……… हे मी दिनांक ……… रोजी पूर्ण फेडले आहे. बेबाकी दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. तरीही ……… या कंपनीच्या दिनांक ……… च्या अहवालात (कंट्रोल नंबर ………) या खात्यावर रुपये ……… थकबाकी दिसते. कृपया शिल्लक शून्य व खाते बंद अशी दुरुस्त माहिती चारही पत माहिती कंपन्यांना पाठवावी व तसे मला लेखी कळवावे. विनंती अमान्य करायची असल्यास त्याची कारणे कळवावीत. ३० दिवसांत निराकरण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दररोज १०० रुपये भरपाई देय राहील, याची नोंद घ्यावी."

कर्ज आपले नसेल तर "मी फेडले आहे" असे चुकूनही लिहू नका. "हे कर्ज मी घेतलेले नाही, मंजुरीचे कागद व सहीची प्रत दाखवावी" असे लिहा. मुदतबाह्य कर्जाबद्दल लिहितानाही देणे मान्य असल्याचा सूर पत्रात येऊ देऊ नका.

३० दिवस आणि १०० रुपये

रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकाने ही भरपाई लागू झाली आणि एप्रिल २०२४ पासून ती अमलात आहे. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निराकरण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला मिळायला हवेत. कंपनीने कळवल्यापासून २१ दिवसांत बँकेने दुरुस्त माहिती पाठवायची असते. बँकेने उशीर केला तर भरपाई बँकेने द्यायची, कंपनीने केला तर कंपनीने. म्हणून तक्रार करताना बँक खात्याचा तपशील द्या आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. तोंडी तक्रारीला ही भरपाई मागता येणार नाही, कारण दिवस कधीपासून मोजायचे याचा पुरावाच नसतो.

सहावी पायरी : रिझर्व्ह बँकेचा लोकपाल

३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झाली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून पत माहिती कंपन्याही तिच्या कक्षेत आल्या. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करता येते किंवा चंदीगड येथील केंद्राकडे पोस्टाने पाठवता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. लोकपालाकडे जाण्यालाही कालमर्यादा असते, तेव्हा उत्तर मिळाल्यावर फाइल कपाटात ठेवून देऊ नका. आधी बँकेकडे तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते. पतसंस्थेचे प्रकरण असेल तर लोकपाल ते ऐकत नाही. तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावे लागते. चुकीच्या नोंदीमुळे नुकसान झाले असेल तर ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे. तिथे घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.

वसुली एजंट दारात आला तर

थकबाकी खरी असली तरी माणसाचा सन्मान गहाण पडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एजंटने सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जांबाबत ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास देणे, चारचौघांत अपमान करणे याला मनाई आहे. ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागा. पैसे भरायचेच असतील तर कर्जखात्यातच भरा, एजंटच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर नाही. गटातील एका महिलेच्या हप्त्यासाठी सगळ्या महिलांना रात्रीपर्यंत बसवून ठेवणे हेही बेकायदा आहे, हे वस्तीतील प्रत्येक बचत गटाला माहीत असायला हवे.

'सिबिल साफ करून देतो' म्हणणारे

पाच-दहा हजार रुपये घेऊन नोंद काढून देतो म्हणणाऱ्यांच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. असा कोणताही गुप्त मार्ग नाही. ते फार तर तुमच्याच नावाने तीच मोफत तक्रार करतात, आणि त्यासाठी तुमचे पॅन, आधार आणि ओटीपी मात्र त्यांच्या हाती जातात.

हे सगळे का करायचे?

कारण प्रश्न आता फक्त कर्जाचा राहिलेला नाही. सरकारी बँकांच्या भरतीतही उमेदवाराचा पत इतिहास पाहिला जातो. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच कारणावरून स्टेट बँकेने रद्द केलेली नियुक्ती रद्दच ठेवली. दुसऱ्या बाजूला केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले, की केवळ कमी सिबिल गुणांमुळे विद्यार्थ्याचे शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ पत इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असेही रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. आपल्या मुलामुलींनी बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करून यादीत नाव आणायचे आणि जुन्या शैक्षणिक कर्जाच्या चुकीच्या नोंदीने ते गमवायचे, हे टाळता येण्यासारखे आहे. परीक्षेचा अर्ज भरतानाच रिपोर्ट मागवला तर दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळतो.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात ऋणमुक्त असण्याचे सुख एक आहे. जे देणे खरे आहे ते फेडणे हा त्या सुखाचा मार्ग. पण जे देणे फिटले आहे, किंवा आपले कधी नव्हतेच, त्याचे ओझे डोक्यावर वागवण्याचे काहीच कारण नाही. ज्या विहारांत आणि अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात, तिथे महिन्यातून एक रविवार रिपोर्ट काढून वाचून दाखवण्यासाठी ठेवता येईल. ज्यांना मोबाइलवर अर्ज भरता येतो त्यांनी वस्तीतील ज्येष्ठांना आणि बचत गटांतील भगिनींना एवढी मदत करावी. ओटीपी मात्र ज्याचा त्यानेच टाकावा.